भाग ४२ : एक डोळा झाकून बघा

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' आणि मागे ओरडणारा भाजीवाला काढून टाकलाय. बाकी जसंच्या तसं.)

कुणी हेडफोन लावून एसटीत असेल, कुणी पोळ्या लाटत असेल, कुणी अभ्यासाच्या नावाखाली हे ऐकत असेल. सगळ्यांचं स्वागत. फक्त गाडी चालवत असाल तर पुढची दोन मिनिटं सोडून द्या, कारण मी तुम्हाला डोळा झाकायला सांगणार आहे.

बसलाय ना नीट? आता समोर लांबवर काहीतरी लिहिलेलं शोधा. भिंतीवरचं कॅलेंडर, दुकानाची पाटी, काहीही. आधी दोन्ही डोळ्यांनी वाचा. मग तळहाताने उजवा डोळा झाका. दाबायचा नाही, नुसता झाकायचा, आणि बोटांच्या फटीतून बघायचं नाही. वाचता येतंय? आता डावा झाका. येतंय? चष्मा असेल तर चष्मा लावूनच करा.

दोन्ही डोळ्यांनी सारखंच दिसलं तर उत्तम. पण ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. त्याला किंवा तिला मी एवढंच सांगते की घाबरू नको, पण या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मी ही चाचणी आयुष्यात पहिल्यांदा नीट दिली तेव्हा मी १९ वर्षांची होते. आजचा भाग त्यावरच आहे. म्हणजे माझ्यावर कमी आणि तुमच्या घरातल्या लहान मुलांवर जास्त.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी एक पेशंट आहे आणि एका पेशंटची मावशी आहे. जे सांगणार ते डॉक्टरांकडून शिकलेलं, आणि उपचाराचं शेवटचं त्यांनाच विचारायचं.

चहा कपाबाहेर का जायचा

लहानपणी घरात माझं एक ठरलेलं नाव होतं, वेंधळी. चहा गाळायला घेतला की थोडा कपात, थोडा ओट्यावर. सुईत दोरा ओवायला दिला तर मी दहा मिनिटं सुईच्या आजूबाजूला दोरा फिरवत बसायचे. लगोरीत कुणी माझ्याकडे चेंडू टाकायचं नाही, कारण चेंडू हातात यायच्या आधीच माझे हात मिटलेले असायचे. पळण्यात मात्र मी पुढे. खो-खो जमायचा. त्यामुळे घरच्यांनी निदान केलं होतं, "पाय चांगले आहेत, हात धांदरट आहेत."

डोळ्यांबद्दल कुणाला शंकासुद्धा आली नाही. यायचं कारणच नव्हतं. मला फळा दिसत होता, पुस्तक वाचता येत होतं, डोळे तिरळे नव्हते, डोकं दुखत नव्हतं. शाळेत तपासणी व्हायची तेव्हा मी पास व्हायचे. कशी व्हायचे ते पुढे सांगते.

बारावीनंतर पोलीस भरतीची तयारी सुरू केली. आमच्या सातारा भागात हे नवीन नाही. पहाटे पाचला रस्त्यावर पळणारी पोरं-पोरी तुम्ही पाहिली असतील, त्यातली मी एक. आमचे अकॅडमीतले सर एक गोष्ट चांगली करायचे. ते म्हणायचे, "फॉर्म भरायच्या आधी स्वतःचं मेडिकल स्वतः तपासून घ्या. सगळं करून शेवटी रडत येऊ नका." म्हणून आम्ही चार मैत्रिणी सरकारी उपजिल्हा रुग्णालयात गेलो. तिथे नेत्रचिकित्सा अधिकारी असतात, त्यांनी एकेकीला खुर्चीवर बसवलं आणि डोळ्यावर ती जाड फ्रेम चढवली.

आधी डावा डोळा झाकला, मी उजव्याने खालची ओळसुद्धा धडाधड वाचली. मग उजवा झाकला. मी विचारलं, "सर, बोर्डाचा लाईट बंद केला का?"

लाईट चालूच होता. मला फक्त सगळ्यात वरचं मोठं अक्षर कळत होतं, तेही अंदाजाने.

त्यांनी काचा बदलून बघितल्या. एक, दोन, पाच, दहा. थोडा फरक पडला, पण साफ दिसेना. मग आतून तपासलं आणि म्हणाले, "डोळा चांगला आहे तुझा. नंबर मोठा आहे, पण खरी अडचण ती नाही. मेंदूने या डोळ्याने बघायला कधी शिकूनच घेतलेलं नाही. लहानपणी कुणी तपासलं नव्हतं का?"

त्या वाक्यानंतर भरतीचं काय झालं हे तुम्ही ओळखलं असेल. मी ते रडगाणं लावणार नाही, आज माझं काम ठीक चाललंय. पण घरी गेल्यावर आईला सांगितलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळायला उठले, तर तिने माझ्या हातातून गाळणी घेतली आणि म्हणाली, "एवढी वर्षं मी तुला वेंधळी म्हणत होते गं."

डोळा चांगला, मग दिसत का नाही?

याला अँब्लिओपिया म्हणतात. साध्या भाषेत 'आळशी डोळा'. मला हे नाव फारसं आवडत नाही, कारण डोळा बिचारा आळशी नसतो, त्याला कामच दिलेलं नसतं.

होतं असं. बाळ जन्मतं तेव्हा त्याला आपल्यासारखं दिसत नाही. बघणं हे चालण्या-बोलण्यासारखं शिकावं लागतं. दोन्ही डोळे मेंदूला चित्रं पाठवतात आणि मेंदू पहिल्या काही वर्षांत ती जुळवायला शिकतो. आता समजा एका डोळ्याला नंबर नाही आणि दुसऱ्याला मोठा नंबर आहे. एकाकडून स्वच्छ चित्र येतं, दुसऱ्याकडून धुरकट. मेंदू हुशार असतो, तो स्वच्छ चित्र ठेवतो आणि धुरकट चित्राकडे दुर्लक्ष करायला लागतो. वर्षानुवर्षं तसंच चाललं की त्या डोळ्याची मेंदूतली जागाच दुसरा डोळा बळकावतो. माझं हेच झालं. डाव्या डोळ्याला अधिक पाचचा नंबर, उजव्याला जवळजवळ काहीच नाही.

डोळा तिरळा असेल तरी हेच होतं, कारण दोन चित्रं जुळत नाहीत आणि मेंदू एक सोडून देतो. जन्मजात मोतीबिंदू असेल, पापणी खाली लोंबत असेल, तरी हेच. शंभर मुलांमध्ये साधारण दोन-तीन मुलांना हा त्रास असतो. म्हणजे मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गात एखादं मूल.

हे मेंदूचं प्रकरण कसं कळलं, तीही गोष्ट भारी आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल नावाचे दोन शास्त्रज्ञ अमेरिकेत काम करत होते. १९६०च्या दशकात त्यांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला. नंतर उघडला तेव्हा डोळा ठणठणीत होता, पण मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला प्रतिसादच देत नव्हत्या. तोच प्रयोग मोठ्या मांजरावर केला तर असं काही झालं नाही. म्हणजे लहानपणी एक खिडकी उघडी असते, आणि त्या काळात डोळ्याला काम मिळालं नाही तर नुकसान होतं. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं.

याच खिडकीचा फायदाही आहे. ती उघडी असताना पकडलं तर बऱ्याच मुलांची नजर चांगली सुधारते, कधी चष्म्याने, कधी चष्मा आणि पट्टीने. सात वर्षांच्या आत सुरू केलं तर सगळ्यात बरं. त्यानंतर हळूहळू कठीण होत जातं. १९ व्या वर्षी माझ्यासाठी ती खिडकी जवळजवळ बंद झाली होती.

शाळेत तपासलं होतं की!

हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. आता मी पास कशी व्हायचे ते सांगते.

आम्ही रांगेत उभ्या असायचो. पुढची मुलगी मोठ्याने अक्षरं वाचायची, माझा नंबर येईपर्यंत ती पाठ झालेली असायची. एक हात डोळ्यावर, पण बोटांत फट. सत्तर मुलं, एक तक्ता, आणि तासाभरात सगळं उरकायचं. मी फसवत नव्हते हो, मला वाटायचं ही पाठांतराची परीक्षा आहे, चांगले मार्क पडले पाहिजेत.

शाळेतली तपासणी वाईट असते असं मी म्हणत नाही. उलट ती आहे म्हणून कितीतरी मुलांना पहिला चष्मा मिळतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येतात. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात, त्यात डोळेही असतात, आणि पुढचे उपचार मोफत असतात. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम तर १९७६ पासूनचा, त्यातून गरजू शाळकरी मुलांना चष्मे मोफत मिळतात.

पण ही चाळणी आहे. चाळणीतून मोठे खडे अडकतात, बारीक खाली जातात. ज्याला फळा दिसत नाही तो सापडतो. ज्याचा एक डोळा उत्तम आहे आणि दुसरा झोपलाय, तो निसटू शकतो. म्हणून चाळणी वेगळी आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी केलेली पूर्ण तपासणी वेगळी. दोन्ही हव्यात.

चिऊची गोष्ट

आता मुद्द्याचं. त्या दिवशी रुग्णालयातून निघताना मला सांगितलं होतं, "असे नंबर घराण्यात चालतात. घरात लहान मुलं असतील तर दाखवून घ्या." माझ्या ताईची मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची. तिचं खरं नाव नको, चिऊ म्हणूया.

मी ताईला फोन केला. ताई म्हणाली, "अगं, तिला काय धाड भरलीय? मोबाईलवर एवढे एवढे बारीक व्हिडिओ ओळखते ती." पुढच्या वेळी दाजींना सांगितलं, ते म्हणाले, "दिवाळीनंतर बघू." सासूबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. "पोरीच्या जातीला आत्तापासून चष्मा कशाला मागे लावताय?"

मी वाद घातला नाही. सुट्टीत त्यांच्याकडे गेले आणि चिऊबरोबर चाच्याचा खेळ काढला. एका डोळ्यावर रुमाल बांधायचा आणि भिंतीवरची चित्रं ओळखायची. डावा डोळा झाकला, ती खुशीत ओळखत राहिली. मग उजवा डोळा झाकला, तरी तिने सगळं ओळखलं. मला वाटलं, सुटलो. मग लक्षात आलं की मी पाठ करून पास होणाऱ्या मुलीची मावशी आहे. चित्रं बदलली. डावा झाकला की ती माझा हात ढकलायला लागली. "नको ना मावशी, काढ ना." उजवा झाकला की काहीच तक्रार नाही.

हे लक्षात ठेवा. लहान मूल 'मला दिसत नाही' असं सांगत नाही, कारण त्याला दुसरं कसं दिसतं हेच माहीत नसतं. पण चांगला डोळा झाकला की ते चिडतं, मान वळवतं, हात काढतं. घरची ही चाचणी म्हणजे निदान नव्हे आणि ती चुकूही शकते. पण ताई तयार झाली ती त्या ढकललेल्या हातामुळे.

शहरात लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टर होत्या, त्यांच्याकडे नेलं. चिऊला अक्षरं येत नव्हती तरी काही अडलं नाही. त्यांच्याकडे चित्रांचा तक्ता असतो, मुलाने हातातल्या कार्डावरचं तेच चित्र दाखवायचं. मग डोळ्यांत थेंब टाकले आणि तासभर बसवलं. या थेंबांबद्दल लोक उगाच घाबरतात. लहान मुलं नजर ताणून खरा नंबर लपवतात, नकळत. थेंबांनी तो ताण सुटतो आणि खरा नंबर सापडतो. म्हणून दुकानातल्या मशीनवर थेंब न घालता काढलेला लहान मुलाचा नंबर भरवशाचा नसतो. थेंबांनंतर उजेड बोचतो आणि जवळचं धूसर दिसतं, औषध कोणतं त्यावर ते एक दिवस ते आठ-दहा दिवस टिकतं. टोपी न्या आणि त्या दिवशी अभ्यासाची सक्ती करू नका, बस.

निकाल आला, उजवा डोळा अधिक साडेचार, डावा अधिक एक. उजव्याची नजर ६/३६. म्हणजे सहा मीटरवरून तिला जे दिसतं ते धडधाकट डोळ्याला ३६ मीटरवरून दिसायला हवं. ताई खुर्चीतच बसून राहिली.

आधी नुसता चष्मा दिला, काही आठवडे. कधी कधी एवढ्यानेच नजर सुधारते. चिऊची थोडी सुधारली, मग थांबली. म्हणून पट्टी सांगितली, चांगल्या डोळ्यावर, रोज दोन तास. जुन्या काळी दिवसभर बांधून ठेवायचे. अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांनी मिळून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात, २००३ साली, असं दिसलं की मध्यम त्रास असेल तर दोन तास आणि सहा तास यांत विशेष फरक पडत नाही. त्रास जास्त असेल तर तास वाढतात. काही मुलांना पट्टीऐवजी चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे थेंब देतात, तेही काम करतात. कुणाला काय, ते डॉक्टर ठरवणार.

दोन तास ऐकायला सोपं वाटतं. पहिला आठवडा घरात रणधुमाळी. चिऊ रडायची, पट्टी काढून कॉटखाली टाकायची. सासूबाई म्हणायच्या, "चांगला डोळा बांधून ठेवताय, आहे तोही घालवाल." शेजारच्या पोरांनी तिला 'ढापणी' नाव ठेवलं. ताई मला रात्री फोन करून रडायची. एकदा म्हणाली, "तूच लावलंस हे सगळं मागे." मी गप्प बसले. काय बोलणार? मला आईने गाळणी काढून घेतलेली आठवत होती.

मग हळूहळू युक्त्या सापडल्या. पट्टीवर फुलपाखरांचे स्टिकर. पट्टीच्या वेळात मणी ओवायचे, रांगोळीचे ठिपके जोडायचे, शेंगदाणे निवडायचे. आणि गंमत म्हणजे वाट काढली ती सासूबाईंनीच. त्या म्हणाल्या, "सात ते नऊ माझ्या मालिका असतात. बसू दे माझ्याजवळ, मी बघते कशी काढते ती पट्टी." टीव्ही बघणं हेसुद्धा डोळ्याला कामच. चिऊला मालिकांमधल्या सगळ्या सुनांची नावं पाठ झाली.

मध्ये माशी शिंकली. नात्यात लग्न निघालं. "फोटोत पट्टी कशी दिसेल" म्हणून दोन आठवडे बंद, मग आळस, मग अजून एक आठवडा. पुढच्या तपासणीत आकडा जागचा हलला नव्हता. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी ताईला एवढंच विचारलं, "हिची शाळा किती वर्षं आहे अजून? आणि ही पट्टी किती महिने?" ताईने घरी येऊन कॅलेंडरवर रोजची खूण करायला सुरुवात केली. दाजी रात्री आल्यावर आधी कॅलेंडर बघायचे.

दहा महिन्यांनी उजवा डोळा ६/९. पूर्ण ६/६ नाही, पण कुठे ६/३६ आणि कुठे हे. पट्टी एकदम बंद केली नाही, कमी करत आणली, कारण नजर परत घसरू शकते. म्हणून तपासणी अजून चालूच आहे. गेल्या महिन्यात मी गेले होते तेव्हा तिने माझ्यासमोर सुईत दोरा ओवून दाखवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तुझ्या डोळ्याला पण लावू का पट्टी?" मी म्हटलं, लाव. तिने लावली. मला टीव्हीवरचं काही दिसेना, म्हणून तिने मला मालिका समजावून सांगितली.

कधी आणि कुठे?

आता लिहून घ्या किंवा स्क्रीनशॉट काढा.

पहिलं, बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, ३४ आठवड्यांच्या आत किंवा वजन दोन किलोपेक्षा कमी, तर जन्मानंतर ३० दिवसांच्या आत पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. फारच लवकर जन्मलेल्या बाळांची त्याहून आधी, दोन-तीन आठवड्यांतच. अशा बाळांच्या पडद्यावर नको त्या रक्तवाहिन्या वाढू शकतात. वेळेत कळलं तर उपचार आहेत, उशीर झाला तर कायमचं अंधत्व. तुमच्या घरात, शेजारी असं बाळ काचेच्या पेटीत असेल तर विचारा, "डोळे तपासले का?" एवढा एक प्रश्न.

दुसरं, बाकीच्या मुलांची जन्मानंतर, मग वर्षाच्या आत बालरोगतज्ज्ञांकडून साधी तपासणी. तीन वर्षांच्या सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पहिली पूर्ण तपासणी, शाळेत घालायच्या आधी एक, आणि मग दरवर्षी. नंबर असेल तर डॉक्टर सांगतील तसं, बहुतेक सहा महिन्यांनी.

तिसरं, आईबाबांना किंवा भावंडांना मोठा नंबर, तिरळेपणा, आळशी डोळा असेल तर तीन वर्षांची वाट बघू नका.

कुठे जायचं? सरकारी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग असतो. अंगणवाडीताईंना किंवा शाळेत विचारा, बाल स्वास्थ्यचं पथक कधी येणार, आणि त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पथकाने पुढे पाठवलं तर चिठ्ठी दप्तरात राहू देऊ नका.

फोनमधले फोटो

हे खास तुमच्यासाठी, कारण भाच्या-पुतण्यांचे शंभर फोटो आपल्याच फोनमध्ये असतात. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत बाहुली लाल दिसते, ते ठीक. पण एकाच डोळ्याची बाहुली पुन्हा पुन्हा पांढरी किंवा पिवळसर चमकत असेल तर थांबू नका. कधी ते नुसतं कोनामुळे असतं. कधी जन्मजात मोतीबिंदू असतो. आणि क्वचित रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्यातला कर्करोग. तो लवकर सापडला तर जीव वाचतो आणि बऱ्याचदा डोळाही. फोटो डिलीट करू नका, डॉक्टरांना दाखवा, त्याच आठवड्यात.

तुमचे प्रश्न

मागच्या भागात विषय सांगितला होता, तेव्हा आलेले काही मेसेज घेते.

"चष्मा लावला की नंबर वाढतो का?" नाही. मूल वाढतं, डोळा वाढतो, म्हणून नंबर बदलतो. चष्मा न लावल्याने तो थांबत नाही. लहान मुलाला लागणारा चष्मा न देणं म्हणजे मेंदूला धुरकट चित्र देत राहणं.

"तिरळेपणा मोठेपणी आपोआप जातो ना?" पहिल्या काही महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जातात, ते चालतं. चार महिन्यांनंतरही तिरळं दिसत असेल तर दाखवा. आणि 'लकी असतो' हे सोडून द्या.

"माझा भाऊ अकरा वर्षांचा आहे, आता उपयोग आहे का?" आहे. २००५ मध्ये आलेल्या एका अभ्यासात ७ ते १७ वयाच्या मुलांवर उपचार केले, त्यात १२ वर्षांपर्यंतच्या निम्म्या मुलांमध्ये चांगली सुधारणा दिसली. त्यापुढच्या वयात कमी, पण ज्यांनी आधी कधी उपचार घेतलेच नव्हते त्यांच्यात तरीही काही सुधारले. 'उशीर झाला' हे डॉक्टरांना म्हणू दे, आपण घरी बसून नाही.

"मोबाईलने डोळे जातात का?" मोबाईलने आळशी डोळा होत नाही. पण सतत जवळ बघणं आणि बाहेर न जाणं याचा लांबचं न दिसण्याशी, म्हणजे उणे नंबराशी संबंध दिसतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळांमध्ये प्रयोग झाला. काही शाळांत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर उजेडात ठेवलं. तीन वर्षांनी तिथे शंभरातल्या साधारण ३० मुलांना नवा उणे नंबर लागला होता, बाकीच्या शाळांत जवळजवळ ४०. बाकी काही नाही, फक्त बाहेर. आपल्याकडे ऊन फुकट आहे, तेवढं तरी देऊया.

जाता जाता

मला विचारतात, आता तुझ्या डोळ्याचं काय? डावा आहे तसाच आहे. पण मी आता चष्मा वापरते, न तुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचांचा. उजव्याला नंबर नसतानासुद्धा. कारण माझा कामाचा डोळा एकच आहे आणि त्याला दगड-काडी लागून चालणार नाही. ज्यांचा एकच डोळा चांगला आहे त्यांनी डॉक्टरांना हे नक्की विचारा. आणि चहा? बोट कपाच्या कडेला लावते आणि ओतते. ओटा स्वच्छ असतो हल्ली.

तुमच्यापैकी अनेकांना मुलं नाहीत, माहितीये. पण तुम्ही कुणाचे तरी मामा, काका, मावशी, आत्या आहात, नाहीतर शिकवणी घेता. घरातल्या मोठ्यांना फोन वापरायला तुम्हीच शिकवता, ना? मग हेही तुम्हीच सांगा. ते म्हणतील, दिवाळीनंतर बघू. तुम्ही तारीख घ्या, गाडी काढा, घेऊन जा.

या आठवड्यात एका मुलाचे डोळे तपासून आणलेत तर मला मेसेज करा. सगळं ठीक निघालं तरी करा. ठीक निघाल्याची बातमी पण मला हवीच आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर बाहेर जा, उजेडात.